आर्डिस स्कोगनच्या कपाटातल्या बंदुका

मी, आर्डिस स्कोगन, वय एकाहत्तर, कै. एमेट स्कोगन यांची पत्नी, राहणार गर्नी क्रीक, मोंटाना, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, आणि पुढचा मजकूर कोणाच्या सांगण्यावरून लिहिलेला नाही. पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी वसंतापर्यंतची मुदत दिली आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर, मागची चार एकर जमीन, ट्रक आणि बँकेतली शिल्लक माझी भाची टेस हिला द्यावी. तिने मुलीला घेऊन इथेच राहावे. चोकचेरीच्या मुरंब्याच्या बरण्या तळघरात आहेत, त्या आधी संपवाव्यात.

२. घराच्या रक्षणासाठी टेसला माझी वीस बोअरची आखूड नळीची बंदूक द्यावी. शेरीफची गाडी इथे पोचायला पाऊण तास लागतो, बर्फ असेल तर देवच जाणे. हार्डवेअरच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरवर मी एकतीस वर्षे उभी होते. "घरासाठी कोणती घेऊ?" असे विचारणाऱ्याला मी आधी घरात कोण कोण आहे ते विचारी आणि मगच कपाट उघडी. टेसच्या पलीकडच्या खोलीत चार वर्षांची मुलगी झोपते. रायफलची गोळी आपल्याकडच्या लाकडी भिंतींना जुमानत नाही. म्हणून ही बंदूक, तीही बारीक छर्‍यांची, आणि आकड्यांच्या कुलपाच्या पेटीत. पोरीला पेटीची जागा ठाऊक असली तरी चालेल, आकडे ठाऊक नसावेत.

३. दीर ड्वेन याला एमेटच्या टोप्या द्याव्यात, बाकी काही नाही. याने टेसला वाढदिवसाला तळहाताएवढे पिस्तूल दिले. "बाईचा हात लहान, म्हणून पिस्तूल लहान," म्हणे! पिस्तूल जितके हलके तितका दणका जास्त, हे मी त्याला तीनदा सांगितले होते. पहिल्याच बाराला टेसचा अंगठा सुजला, आणि पुढे वर्षभर तिने कशालाच हात लावला नाही. हौसेने दिलेली वस्तू अशी खणात पडून राहते.

४. स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटात तीन बंदुका आहेत. त्या माझ्या नाहीत. आमच्याकडे माणसाचे दिवस फिरले, घरातले कोणी गेले, दारू वाढली, झोप उडाली, की तो आपली बंदूक, नको त्या क्षणी स्वतःवरच चालू नये म्हणून, विश्वासाच्या माणसाकडे नेऊन ठेवतो. यात लाज नाही. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधली आहे. वकील हार्लन प्रुइट म्हणाले, "आर्डिसबाई, जे तुमचं नाही ते मृत्युपत्रात कसं घालणार?"

मी म्हटले, "अहो, जे माझं आहे त्याची मला काळजीच नाही."

किल्ली परिचारिका लव्हॉन बेकडाल हिला द्यावी. तिच्यापुढे रडून, ओरडून किंवा सफरचंदाचा केक नेऊन काही साधत नाही.

५. त्यातली बारा बोअरची बंदूक माझा धाकटा भाऊ, टेसचा बाप ओरिन ट्वेट याची. चार वर्षांपूर्वी बायकोला पुरून पंधरा दिवस झाल्यावर त्याने ती माझ्या टेबलावर आणून ठेवली. "मी मागितली तरी देऊ नकोस," म्हणाला. "टेस हो म्हणेल तेव्हाच दे."

त्याच वर्षी मे महिन्यात मागायला आला. टेस हो म्हणाली नव्हती, मी दिली नाही. "मोठी आली शहाणी! माझीच बंदूक मला देईना!" असे म्हणून भरल्या ताटावरून उठला, तो माझ्या घरी परत आला नाही. चर्चमध्ये चार वर्षे मी त्याची पाठ पाहिली. मला वाईट वाटले, फार वाईट वाटले. पण पाठ तरी दिसत होती. पश्चात्ताप नाही.

६. माझे रिव्हॉल्व्हर शोधू नये. ते घरात नाही. डॉक्टरांनी मुदत सांगितली त्या दुपारी मी ते पुसायला घेतले, आणि पुसून झाल्यावरही समोर घेऊन बसून राहिले. मग उठले, आणि ट्रक काढून ओरिनकडे गेले.

"काय गं, वाट चुकलीस?" तो दारातूनच म्हणाला.

"ठेव हे," मी म्हटले.

त्याने माझ्याकडे पाहिले, गोळ्या काढल्या, खिशात टाकल्या. "कधीपासून दुखतंय?"

मी सांगितले. तो पायरीवर बसला. म्हणाला, "मागायला येशील बघ. मी पण आलो होतो."

"आले तर?"

"कॉफी देईन. आणि आर्डिस, माझी पण देऊ नकोस. अजून नको."

आम्ही दोघे तिथेच रडलो.

७. म्हणून ओरिनची बंदूक टेस सांगेपर्यंत लव्हॉनकडेच राहावी. ओरिनला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून लाभ नसावा असे प्रुइट म्हणतात, तेव्हा साक्षीला तो चालेल.

स्थळ : गर्नी क्रीक
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२३

(सही) आर्डिस स्कोगन

साक्षीदार :
१. (सही) हार्लन प्रुइट, वकील
२. (सही) ओरिन ट्वेट, भाऊ. हिने माझ्यासमोर सही केली. या महिन्यात ती रिव्हॉल्व्हर मागायला दोनदा आली. दिले नाही. तिसऱ्यांदा आली तरी देणार नाही.