नमुन्याचा फ्लॅट

२ नोव्हेंबर, रविवार

आले बाई एकदाची! मलकापूर, चौथा मजला, आणि दारावर पाटी : सागर व सौ. दीपमाला. माझं नाव दुसरं का, यावरून हिवरा आश्रमपासून राजूर घाट उतरेपर्यंत भांडण झालं. सागर म्हणाला, पाटी रंगवणाऱ्याला लहान नाव आधी लिहायची सवय असते. खोटारडा.

ही वही त्यानेच पाडव्याच्या ओवाळणीत घातली. साडीऐवजी वही दिली म्हणून मी नाक मुरडलं होतं, पण नव्या घरात नव्या वहीवर लिहायला मजा येतेय खरी. सागर सामान उतरवून लगेच डोणगावला परतला. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस, त्याच्या कृषी केंद्रात उभं राहायला जागा नसते. काजलला आत्ताच आणलं नाही. तेवीस तारखेला वास्तुशांत, तेव्हा ती येईल आणि मी शिकवणार त्याच शाळेत दुसरीत बसेल. निघताना बया रडली नाही, मीच रडले.

फ्लॅट आम्ही प्रत्यक्ष न बघताच ठरवला. ‘चावीघर’ नावाच्या ॲपवर सगळं मोबाईलमध्येच होतं. दलाल नाही, त्याच्या स्कूटरमागे फिरणं नाही, आणि दलालीत घसघशीत सूट. सूट म्हटलं की सागरच्या अंगात येतं. घराची चित्रफीत आम्ही पुन्हा पुन्हा पाहिली. शेवटी गॅलरी दिसते, तिथे एक बाई पाठमोरी बसून सुपात तांदूळ निवडत होती. सागर म्हणाला, मालकीण असेल. विकणारे मात्र पुण्याचे एकटे गृहस्थ निघाले. मग ती कोण, हे विचारायचं राहूनच गेलं.

आणखी थोडी सूट मिळावी म्हणून सागरने एक उद्योग करून ठेवलाय. महिनाभर आमचा फ्लॅट ‘नमुना’ म्हणून ॲपवर राहणार. इमारतीत घर घेऊ पाहणारे लोक रविवारी आमचं घर बघून जाणार. दाराबाहेर आकड्यांच्या कुलपाची लहान पेटी आहे, तिच्यात किल्ली. म्हणजे मी घर आवरून ठेवायचं आणि लोकांनी माझी मोरी बघायची!

काल हिवरा आश्रमला आईकडे राहिले. निघताना ओटी भरली ती शेजारच्या सोजराबाईंनी. आई आतल्या दारात उभी. बाबा गेल्यापासून ती कुणाच्याच ओटीला हात लावत नाही, माझ्यासुद्धा. मी चिडले तर म्हणाली, “नको वो माय, तुह्या संसाराले माहा हात नको.” या गोष्टीचा मला संताप येतो, पण तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

घरात पाऊल टाकल्यावर आधी गॅस जोडला आणि दूध उतू घातलं. दूध उतू गेलं तेव्हा गॅलरीत कुणीतरी सूप आपटल्यासारखा आवाज आला. पारवे असतील.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाळा छान. पाचवीतली मुलं चावट आहेत, म्हणजे माझं जमेल. वर्गाच्या खिडकीतून जिनिंगच्या गिरणीकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या दिसतात आणि संध्याकाळी घरी येईस्तोवर माझ्या केसांतही कापसाचे तंतू असतात.

आज फाटकापाशी शेषराव भेटले. इथले जुने दलाल. सागरने त्यांना आधी विचारलं होतं आणि मग टाळलं होतं, त्यामुळे मला तोंड लपवावंसं वाटलं. ते मात्र हसले. म्हणाले, “दलाली वाचवली, चांगलं केलं मॅडम. पण दलाल असता त त्यानं आगुदर सांगतलं असतं, घर काऊन पडून राह्यलं ते.” मी म्हटलं, सांगा ना मग आता. तर म्हणे, “आता सांगून काय उपेग, दूध त उतू घातलं असंन तुमी.” आणि किक मारून गेले. धंदा बुडाला की माणूस असं बोलणारच.

९ नोव्हेंबर, रविवार

आज पहिले गिऱ्हाईक. अकोल्याकडचं जोडपं होतं. नवऱ्याने प्रत्येक नळ सोडून पाहिला. ते खोल्या बघत असताना त्यांच्या मागे हिरव्या साडीतली एक बाई उभी दिसली. माझ्याच वयाची, अंगाने सुकलेली, कपाळाला भलंमोठं कुंकू. त्या दोघांची नातेवाईक असेल असं मला वाटलं. ते दोघं गेले तरी ही आपली गॅलरीत उभीच.

मी चहा केला, तो तिने घेतला नाही. नाव कोकिळा. मोरीचा नळ घट्ट बसतो, उलटा फिरवून मग सुलटा फिरवा, असं तिने मला सांगितलं. घर आधी पाहिलंय का विचारलं, तर “हाव, लई दिवस पाह्यलं,” म्हणाली. मी हळदीकुंकू लावलं. ती दाराशी गेली आणि उंबऱ्याच्या आतच थांबली. पदर नुसता पुढे धरला. म्हणाली, “मले माहेरचं कोणीच नाई वो. वटी भरून मले कोणी वाटेले लावलंच नाई.”

पहिल्यांदा घरी आलेली सवाष्ण, तिला मोकळ्या पदराने कशी जाऊ देऊ? वास्तुशांतीचा नारळ होता, खण होता, तांदूळ होते. पाटावर बसवून तिची ओटी भरली. आमच्याकडे लेकीला म्हणतात तसंच म्हणाले, सुखाने जा, घराची काळजी करू नको, मी आहे. ती हसत होती आणि रडत होती. मग उंबरा ओलांडून जिन्यावरून जवळजवळ धावतच गेली. एकदाही मागे पाहिलं नाही.

मला दिवसभर फार बरं वाटलं. आईलाही फोन करून सांगितलं. ती कोणाची कोण होती ते तरी विचारलंस का, असं आईने उलट विचारलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

विचित्र दिवस. शाळेला निघाले, दार ओढून घेतलं आणि पाहते तर मी स्वयंपाकघरात, खांद्याला पर्स. काहीतरी विसरले म्हणून परत फिरले असेन असं वाटलं. पुन्हा निघाले, पुन्हा ओट्यापाशी. मग मुद्दाम एकेक पाऊल बघत गेले. उंबऱ्यापलीकडे पाय ठेवला, पायाला जिन्याची थंड फरशी लागली आणि डोळ्यांसमोर गॅसची शेगडी.

दमले असेन. शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका नुसत्या हॅलो हॅलो करत राहिल्या. सागरलाही माझा आवाज जात नाही. रेंजचं काहीतरी झालंय.

१२ नोव्हेंबर

रेंजचं नाही. त्याचे मेसेज येतात, माझे जात नाहीत. रागावलीस का, शाळेतून फोन आला, काजल विचारतेय, असं लिहितो. मी गॅलरीतून ओरडले. खाली बायका मिरच्या वाळत घालत होत्या, एकीनेही मान वर केली नाही. कठड्यावरून चिठ्ठी टाकली, ती ओट्यावर येऊन पडली.

भूक लागत नाही. तीन दिवस काही खाल्लं नाही आणि भूकच नाही. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सागर आला. काजलला घेऊन आला.

देवा, ते माझ्यासमोर उभे होते. मी सागरच्या दंडाला धरलं, तो माझ्या हातातून तसाच चालत पुढे गेला. प्रत्येक खोलीत हाका मारल्या त्याने. कपाट उघडलं, साड्या एकेक करून मोजल्या, सगळ्या जागेवर. ही वही त्याने उघडली! पानं उलटली आणि कोरीच आहे म्हणून ठेवून दिली. मी त्याच्या कानाशी ओरडत होते, वाच रे, वाच, तुझ्या डोळ्यांसमोर आहे.

काजल गॅलरीत गेली. मी तिच्या मागे गुडघ्यांवर बसले. वेणी वेडीवाकडी घातली होती, सागरने घातली असणार. तिने वळून पाहिलं, अगदी माझ्याकडे, आणि मग बापाला म्हणाली, इथं आईचा वास येते.

ते पोलिसांत तक्रार द्यायला गेले. दार लागलं. मी उंबऱ्यावर डोकं आपटलं. लागतही नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

ॲप चालतं. एवढं एकच चालतं. मी तक्रार लिहिली. लगेच उत्तर : आपली तक्रार मिळाली, सदर फ्लॅटचा ताबा रिकामा असल्याची नोंद आहे.

आमच्या घराची चित्रफीत लावून पाहिली. शेवटी गॅलरी येते. पाठमोरी बाई. साडी आधीसारखी हिरवी नाही. माझा निळा गाऊन, माझा अंबाडा.

ती त्या जोडप्याबरोबर आलीच नव्हती. त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. आता आठवतंय. ती इथेच होती, आठवडाभर माझ्या पुढ्यात आली नाही एवढंच. मी या घरात दूध उतू घातलं म्हणून मला दिसली. आणि मी तिला लेकीसारखी वाटेला लावली. मी आहे, म्हणाले. माझ्याच तोंडाने म्हणाले.

कोकिळा सुटली, मी बसले. माझी ओटी जी भरेल, ती बसेल.

दुपारी लोक आले. राखी नावाची नवी नवरी होती, हातावरची मेंदीसुद्धा गेली नव्हती. मी साडी नेसून तिच्यासमोर पदर पसरून उभी राहिले. हो, राहिले. तिला मी दिसले नाही म्हणून वाचली पोरगी. ती इथे बसावी आणि मी जावं, असं मला मनापासून वाटलं. मी अशी नव्हते.

१९

सागरचा मेसेज : कुठं असशील तिथून ये, मी काहीच विचारणार नाही.

त्याला वाटतं मी कुणाबरोबर —

सागर, मी घरात आहे. घरातच आहे रे.

२१

सूप सापडलं. माझं नाही. माळ्यावर होतं. हात आपोआप तांदूळ घेतात आणि निवडत बसतात. गॅलरीत बसलं की बरं वाटतं.

बरं वाटता कामा नये. काजल काजल काजल. नाव लिहून ठेवते. विसरले तर —

२२

वास्तुशांत होणार नाही. पण सागरचा मेसेज आलाय, उद्या आई इथे राहायला येतेय. लेक परत आली तर घरात कुणीतरी हवं म्हणते.

ती दूध ठेवेल. नव्या घरात ती दूध ठेवल्याशिवाय राहणारच नाही.

पण ओटी भरणार नाही. विधवा आहे. कुणाच्या ओटीला हात लावत नाही. ज्या गोष्टीवरून मी तिच्याशी भांडले, तिचाच आज आधार वाटतोय. तिला धोका नाही. फक्त बघेन. एकदा कुणीतरी मला बघू दे.

२३ नोव्हेंबर

मोरपंखी साडी नेसले. वास्तुशांतीसाठी घेतलेली. का नेसले ते मला ठाऊक आहे.

आई आली. सागर आणि काजल खाली गाडीत आहेत, काजल वर यायला घाबरते. आईने पिशवी ठेवली, दूध ठेवलं. मी गॅस बंद करायला धावले, हात लागेना. दूध उतू गेलं. आईने वळून पाहिलं.

“कुठी होतीस वो माय?”

तिने मला मिठी मारली. तिचे हात माझ्या पाठीला लागले. किती दिवसांनी हात लागले. मी सगळं सांगितलं. कोकिळा, ओटी, उंबरा, सगळंच. सांगायला नको होतं. पण सांगितलं. म्हटलं, तू लगेच निघ इथून.

तिने माझं तोंड पुसलं. मग विचारलं, तांदूळ कुठी ठेवतं?

मी म्हटलं, तू नाही भरायची, तू कुणाची भरत नाहीस. तर म्हणाली, “लेकीची वटी मायनं भरली त त्याले कोण काय म्हणन? तुह्या लेकीले माय पाह्यजे. मले आता कोणाची वाट पाह्याची हाय?”

ती आत गेली —

सुपाचा आवाज येतोय. तांदूळ निवडतेय. माझ्यासाठी खडे काढतेय —

मी नको म्हणणार आहे. पाटावर बसणारच नाही. आई एकटी इथे, कुणाला न दिसता — नाही. नाही.

नारळ घेऊन आली. पाट मांडला.

काजल खालून हाक मारते. ‘आजी’ नाही. ‘आई’ म्हणाली. आई म्हणून हाक —

उजव्या हाताने लिहितेय. डाव्या हातात पदर आहे. कधी धरला? मी बसलेय. पाटावर बसलेय. पहिली ओंजळ — आई थांब — मी नको म्हण