सोळा नंबर मैदानात उतरलीच नाही

प्रिय इरा,

लालबागहून तुला एक सणसणीत धपका. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. शेवटी म्हटलं, कागदच बरा. निदान मध्येच तुझा अंगठा येऊन माझा धीर तुटायचा नाही.

आधी भांडून घेते. सिंगापूरच्या रग्बी संघाने तुला शिबिराला बोलावलं, तिथे सलग पाच वर्षं राहिल्यामुळे तू त्यांच्याकडून खेळू शकतेस, आणि कागद तपासताना 'ही तर आधीच भारताकडून खेळली आहे' म्हणून तुझं नाव अडलं. हे सगळं मला कळावं कोणाकडून, तर ठाकूरद्वारला भाजी घेताना तुझ्या आईकडून! दुर्गाकाकूंना वाटतंय, पासपोर्टची काहीतरी भानगड आहे. एका देशाकडून खेळलं की दुसऱ्याचं दार बंद होतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. आणि तू भारताकडून एक मिनिटही खेळलेली नाहीस, हेही. म्हणूनच मला फोन केला नाहीस ना, शहाणे?

सात वर्षं झाली त्या सामन्याला. आपली दोघींची जागा एकच, हूकरची, स्क्रमच्या रेटारेटीत पुढे मधोमध. मला दोन नंबरची जर्सी मिळाली, तुला राखीव सोळा नंबरची. यादी वाचून झाली तेव्हा तुझं तोंड एवढंसं झालं होतं, तरी आधी मिठी मारलीस ती मलाच. दुसऱ्या हाफमध्ये माझी भुवई फुटली. रक्त वाहत असलं की मैदानात ठेवत नाहीत, म्हणून मॅनेजर सरांनी बदलीची चिठ्ठी पंचांच्या टेबलावर देऊनही टाकली: दोन नंबर बाहेर, सोळा नंबर आत. तू जॅकेट काढलंस. आणि मी कोडगी, रेषेवर तुझा हात धरून भोकाड पसरलं. बाबा चाळीच्या गॅलरीत अख्खा मजला गोळा करून मोबाइलवर बघतायत, इरा, मला आजच्या दिवस काढू नकोस गं. गिरणी बंद पडल्यापासून त्यांना कुणी असं मानाने मध्ये बसवलं नव्हतं.

तू माझं डोकं करकचून बांधलंस, जर्सीवरचं रक्त बाटलीतल्या पाण्याने धुतलंस आणि मला आत ढकललंस. मग खाली पडलेलं जॅकेट उचलून पुन्हा घातलंस. ते मी स्क्रममध्ये शिरता शिरता पाहिलं. टेबलावरच्या कुणाला पत्ता लागला नाही, सर नंतर माझ्यावर ओरडले आणि गप्प बसले. चिठ्ठी मात्र तशीच राहिली. मी खेळलेली ती वीस मिनिटं नोंदीत तुझ्या नावावर गेली, आणि पुढच्या दौऱ्याला तुला वगळलं, म्हणजे खरंखुरं उतरायची वेळ तुझ्यावर आलीच नाही.

परत आलो तर तुमच्या वाडीचा फलक रंगवून तयार! बोर्डात आलेल्या मुलांच्या खाली, 'कु. इरावती, आंतरराष्ट्रीय खेळाडू'. सत्यनारायणाच्या पूजेला शाल-श्रीफळ, काकूंनी वाटलेले पेढे. तू खरं सांगायला निघाली होतीस, पण मीच तुला अडवलं, कारण सांगितलं असतंस तर मी अडकले असते. त्यानंतर तू त्या फलकाखालून कायम मान खाली घालून जायचीस. मला वाटायचं, लाजतेस. काय मूर्ख होते मी!

बाबा अजून त्या वीस मिनिटांबद्दल सांगतात. माझी नोकरी, मैदानावर मला मिळणारा मान, सगळं त्या सामन्यापासून सुरू झालं. तुझे आभार मानायला मला सात वर्षं लागली, इरा. तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला मी काय पुण्य केलं होतं, देव जाणे.

तर आता ऐक. काकू भेटल्या त्याच आठवड्यात मी सगळं लिहून, सही करून आपल्या रग्बी महासंघाला दिलं. मुलींच्या संघाची प्रशिक्षक म्हणून माझं नाव चाललं होतं, ते तूर्त थांबलंय, चौकशी होईल. होऊ दे. बाबा एवढंच म्हणाले, "मगे इतकी वर्सां गप कित्याक रवलंस गो?"

मग काकूंकडे गेले. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "म्हणजे आमची इरा तेव्हा नुसती उभीच होती?" मी म्हटलं, "नाही काकू, ती माझं डोकं बांधत होती." दुसऱ्या दिवशी त्यांनीच पेंटर जयवंतला बोलावलं, स्वतःच्या स्वयंपाकघरातलं स्टूल दिलं आणि सांगितलं, नाव राहू दे, पुढचं तेवढं पूस. काकू कशा मुकादमीण आहेत ते तुला माहीतच आहे, रंग वाळेपर्यंत खाली उभ्या होत्या.

सोबत नोंद दुरुस्त झाल्याचं पत्र आहे. काल हातात पडलं, म्हणून आज हे लिहितेय. सोळा नंबर मैदानात उतरलीच नव्हती, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. ते घेऊन ताबडतोब शिबिराला जा. समोर भारत आला तर मी तुझ्या नावाने शिमगा करणार, हे आत्ताच सांगून ठेवते. पण तू उतर, इरा. आणि या वेळी कुणी कितीही रडलं, तरी काढलेलं जॅकेट परत घालू नकोस.

तुझीच, भुवईवर तुझी खूण घेऊन फिरणारी,
सीमा