गोठ्याबाहेर विचारलेला प्रश्न

प्रिय ईश्वरी,

तुझ्या पाहणीचे आमच्याकडचे आकडे पाहून तू फोनवर उखडलीस, ते बरोबरच होतं. जनावरांच्या दवाखान्यात दिवसभर उभ्याने राबणाऱ्या बायका, आणि शून्य ते दहात सगळ्यांचा थकवा शून्य! कोण विश्वास ठेवील? आमच्या डॉक्टरांनी मात्र ठेवला. आणखी एक मदतनीस नेमायचं त्यांच्या मनात होतं, ते त्यांनी तिथेच सोडून दिलं. सगळ्या ठणठणीत आहेत म्हटल्यावर नवी कशाला?

चूक माझी गं. मी हे प्रश्न विचारले ते गोठ्यात, चारठाणा गावाहून आणलेल्या आजारी म्हशीची कूस बदलताना. बिचारीला उठताच येत नव्हतं. आता अशा जनावरासमोर थकव्याचं नाव काढायचं नाही, ऐकलं की ते उठायचंच सोडून देतं, असं आमच्या दवाखान्यातल्या सगळ्याच मानतात. मीही मानते, हसू नकोस. आणि तरी मलाच सुचलं नाही! नर्मदाबाई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी डोळे वटारले, "काई न्हाई थकले, लय मजेत हाय," म्हणाल्या आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

म्हैस उभी राहून घरी गेली, तशी मी सगळ्यांना समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. ईश्वरी, कोणी बोलायचं थांबेचना. सविता म्हणाली, मनगटं इतकी दुखतात की घरी पोळी लाटायला नको वाटतं. नर्मदाबाई म्हणाल्या, "खांदा ठणकायलाय माजा, पन सांगू कुनाला?" लाथा चुकवायच्या, मालकांची बोलणी खायची, एखादं जनावर दगावलं तर डोळे पुसून लगेच पुढच्याला औषध पाजायचं. कोणी सात म्हणालं, कोणी आठ. मग सगळ्या हसायलाच लागल्या, मलाही फार बरं वाटलं. नवे आकडे दाखवले तेव्हा डॉक्टर आधी चकित झाले, परवापर्यंत तर शून्य होतं म्हणाले. कारण सांगितलं तेव्हा त्यांना पटलं. आता पुढच्या महिन्यापासून नवी बाई येणार आहे, आणि प्रत्येकीला आठवड्याला एक सुट्टी.

टपरीवरून निघताना नर्मदाबाईंनी मलाच विचारलं, "अन् तुजं गं, त्रिवेणी?" मी काहीतरी बोलून उडवून लावलं. घरून फोनवर तुला सांगावं, तर आईचे कान तिथेच. ती उद्याच नोकरी सोडायला लावील, तिला निमित्तच हवंय. म्हणून हे पत्र. माझा आकडा नऊ धर. मी थकले आहे गं, खूप थकले आहे. आणि हे काम मला सोडायचं नाही, म्हणून तर सांगते आहे. पहिल्या सुट्टीला परभणीला तुझ्याकडे येते. काही विचारू नकोस, नुसतं झोपू दे.

दमलेली, तरी तुझीच,
त्रिवेणी