मॅकअल्पिन घराण्यात घुसू पाहणाऱ्या इसमाबाबत

प्रति,
मा. नोंदणी आयुक्त,
चेरोकी नागरिकत्व,
मुक्काम टालेक्वा

विषय : श्री. हार्लन टिडवेल, राहणार आर्कान्सा, यांनी सांगितलेल्या वंशावळीस हरकत.
संदर्भ : त्यांच्या दाव्याची कालची सुनावणी.

महोदय,

मी, एल्सी केचर, सुझाना मॅकअल्पिन यांची मुलगी, अर्ज करते की, माझे आजोबा स्कॉटलंडचे व्यापारी व आजी चेरोकी, नाव वाली, पक्षी कुळातली. आमच्यात कूळ आईकडून चालते. १८३८ साली सैनिकांनी आमच्या लोकांना जुन्या मुलुखातून पश्चिमेला हाकलले, त्या वाटेवर आईची धाकटी बहीण पेगी, वय सात, हरवली. ती गेली असेच सगळे धरून चालले.

सदर टिडवेल वसंतात आमच्या दारी आले. मक्याची भाकरी खाता खाता आजीचे नाव, गाव, कूळ विचारू लागले. नोंद झालेल्या चेरोकींना सरकार जमीन वाटून देणार, ती वाटणी तोंडावर आली असता परक्याला आमच्या आजीचा एवढा पुळका का, असा मला संशय आला. मी मुद्दाम सांगितले, "लांडगा कूळ."

काल त्यांनी एका म्हातारीला उभे करून, हीच पेगी व हीच माझी आई, असे शपथेवर सांगितले. माझ्या आईस दिसत नाही. तिने बाईंचा हात चाचपून आमच्या भाषेत विचारले, "तू कुणाची गं?"

 बाई त्याच भाषेत अडखळत म्हणाल्या, "पक्ष्यांची."

दुभाष्याने अर्थ सांगताच टिडवेल खेकसले, "लांडगा म्हण! किती वेळा घोकून घेतलं तुझ्याकडून!"

बाई टिडवेल यांची आई नव्हेत. टिडवेल यांच्या आजोबांच्या घरी लहानपणापासून राबणारी मोलकरीण, असे बाईंनी नंतर आमच्याबरोबर घरी आल्यावर मला सांगितले. "आईचं नाव आठवत नाही गं. कूळ तेवढं राहिलं."

माझा बाईंवरही विश्वास नाही. त्या वाटेवर पक्षी कुळातल्या किती पोरी हरवल्या! मी तसे आईला म्हटले. आई म्हणाली, "नसेल पेगी. पण माझ्या कुळातली, माझ्या वयाची बाई, म्हणजे माझी बहीणच. आणि तुझीही आई; आपल्यात मावशी ती आईच. सरक, तिला शेकोटीजवळ बसू दे."

आज टिडवेल गाडी जुंपून कुंपणाशी उभे आहेत. "आमची म्हातारी परत द्या," असा त्यांचा धोशा आहे. तरी त्यांचा दावा फेटाळावा व बाईंना त्यांच्या ताब्यात देऊ नये. बाईंची पेगी म्हणून नोंद करावी, असे मी म्हणत नाही; माझी शंका कायम आहे. नावाची जागा कोरी ठेवावी. नाते मात्र लिहावे : सुझाना मॅकअल्पिन यांची बहीण.

आपल्या हुकुमाच्या प्रतीक्षेत,
एल्सी केचर
१४ ऑक्टोबर १९०१

सोबत : साक्षीदारासमोर दोघी बहिणींनी सहीऐवजी केलेल्या फुल्या.