चौथ्या नंबरचा नारळ

६ जानेवारी, पहाटे ५.१०
आजपासून नवा मी. भोरच्या लायब्ररीतून सोएमोन नावाच्या जपानी व्यापाऱ्याचं चरित्र आणलंय. घराणं सामुराईंचं. सामुराईंचे दिवस भरत आले तसं यानं तलवार खुंटीला लावली आणि तांदळाचं दुकान काढलं. आमचंही घराणं राजगडाच्या पहाऱ्यावरचं. गुंजवण्यात तांदूळही भरपूर. आणखी काय पाहिजे?

९ जानेवारी
बायकोच्या, नूतनच्या बचत गटातल्या बारा बायकांचा सगळा इंद्रायणी तांदूळ माझ्या शब्दावर गटाच्या खोलीत पडून आहे. कामथडीला हायवेवर आमच्याच गावच्या गोरखचं हॉटेल उघडतंय. तिथं रोज आपलाच तांदूळ शिजणार, हा प्लॅन. नूतननं विचारलं, गोरखला सांगितलंय का? सांगेन की. बायकांना फार घाई.

१३ जानेवारी
पान ६२. सोएमोन आपल्याच जुन्या नोकरापुढे कमरेत वाकला आणि पहिली ऑर्डर मिळवली. डोळ्यांत पाणी आलं. मीही वाकणार. पण गोरखनं उद्घाटनाचं आमंत्रण पाठवलंय व्हॉट्सॲपवर. जत्रेत पहिला नारळ आमच्या घराचा असतो. त्यानं अक्षत घेऊन दारात यायला हवं. येईल.

१६ जानेवारी
आला नाही. पोत्यांना उंदीर लागलेत. गटातल्या थोरल्या ठकुबाई दोनदा विचारून गेल्या, तांदूळ जातोय ना? म्हटलं, गेलाच समजा. जेवण जात नाही. ॲसिडिटी असावी.

१८ जानेवारी
शेवटी नूतनच गोरखला भेटून आली. तो म्हणाला, दादास्नी उद्या घिऊन या, तांदळाचं तितंच ठरवू. म्हणजे माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही. आरशापुढे वीसदा वाकलो. मस्त जमतंय.

१९ जानेवारी, दुपारी ३
आत्ताच उद्घाटनाहून परत आलो. सत्कार सुरू झाले. पहिला नारळ गवंड्याला. बरं. दुसरा दूध घालणाऱ्याला. गिळलं. तिसरा फरशीवाल्या सरफराजला. आणि चौथं नाव माझं! उठलो नाही. परत पुकारलं. पलीकडून नूतन हातानं उठा उठा करत होती. मी मंडपाच्या झालरी मोजल्या. सोएमोननंही हेच केलं असतं. पान शोधून लिहीन.

संध्याकाळी ७
नूतननं सांगितलं. सत्कार हॉटेलच्या कामाच्या माणसांचे होते. चौथा नारळ तांदूळवाल्याचा. मी हललो नाही, तेव्हा गोरख माईकवरून म्हणाला की दादांना हे काम नको दिसतंय, आणि हिर्डोशीच्या कोंडिबाला बोलावलं. तो पळत गेला. हे सांगून ती माहेरी फोन करत बसली. मला ताट वाढलं नाही.

२२ जानेवारी
तांदूळ भोरच्या व्यापाऱ्याला गेला, तो म्हणेल त्या भावानं. टेम्पो भरायला सगळ्या बायका आल्या. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघा, मी स्वतः लक्ष घालतो. ठकुबाई म्हणाल्या, नगा तरास घिऊ, कुमारराव. आमी दुसरा माणूस बगितलाय. मग खोलीची किल्ली मागितली. दिली. लाज वाटली. चहा घ्या म्हटलं, तर नको म्हणाल्या, टेम्पो थांबलाय.