माझ्या हातचं पाणी

प्रिय आई,

सप्रेम जयभीम.

तिथं सगळी बरी आहेत ना? बाबांचा दमा कसा आहे? की तिथं थंडी-धुकं नसतंच? माझ्याआधी तुझ्या मांडीवरून गेलेली ती दोन लेकरं आता केवढी झाली? त्यांनी ओळखलं का गं तुला? कान तुटलेली आपली शेळी भेटली का? आणि तुझे गुडघे? माझे अगदी तुझ्या वळणावर गेलेत, उठता-बसता कुरकुरतात.

या गुडघ्यांपायीच लिहायला बसलोय. स्टेशनमास्तर साहेब म्हणाले, "भिकाजी, फलाटावर पाणी घेऊन पळायचं तुझं वय राहिलं नाही. ऑफिसात शिपायाचं स्टूल देतो, डोक्यावर पंखा. चार दिवसांत सांग." अख्खं दौंड स्टेशन म्हणतंय, घे म्हणून. तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस!

मला ही नोकरी लागली तेव्हा तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. "दगूड फोड, रूळ उचल, पन पान्यापाशी जाऊ नगं, लेका. मार खाशील." तुझं तरी काय चुकलं? जन्मभर तू विहिरीपासून चार हात लांब उकिडवी बसलीस, कुणी तरी वरून घागरीत ओतेल म्हणून. आणि तुझा पोरगा निघाला जगाला पाणी पाजायला! तू आपली नदीपलीकडं गावीच राहिलीस, माझं काम बघायला दौंडला कधी फिरकली नाहीस.

पहिल्याच महिन्यात एकानं खिडकीतून विचारलं होतं, "कुनाचा रं तू?" मी सांगितलं. त्यानं भरलेला फिरकीचा तांब्या खाली पालथा केला. हे मी तुझ्यापासून लपवलं. पण त्याच खिडकीत त्याच्या शेजारची बाई ओंजळ पुढं करून म्हणाली, "मला घाला, मामा. लेकराचा घसा वाळलाय." हे तरी तुला सांगायला हवं होतं की नाही? लपवताना दोन्ही लपवलं बघ.

आई, हे काम कसं आहे ते तुला कसं सांगू? गाडी थांबते न थांबते तोच खिडक्यांतून हात उगवतात. "मामा, हिकडं! ओ मामा!" सगळी गाडी माझी भाची! एखादा फौजी ओरडतो, "चाचा, पानी!" झारीची धार बारीक धरायची, ओंजळीच्या बरोबर मधे. दोन घोट गेले की पिणाऱ्याचे डोळे आपोआप मिटतात. तेवढं बघायलाच मी वीस वर्षं येतोय. पाणी त्यांच्या घशात उतरतं आणि गार मला वाटतं.

दुपारच्या गाड्या गेल्या की लिंबाखाली आडवा होतो. डोळा लागता लागता वाटतं, भीमेचं पाणी माझ्या हातातून निघालंय आणि माणसांच्या पोटात बसून चाललंय, सोलापूर, मनमाड, पार मद्रासकडं. मी दौंड सोडून कुठं गेलो नाही, पण त्या गुंगीत मी सगळीकडं पोचलेला असतो. शिवा हमाल मला हलवून उठवतो, "मामा, पानी पाजून पाजून पुन्याची पोती लई साठली आसतील. एखादं हिकडं टाका की!"

पण एक दिवस त्या गुंगीतही सुटत नाही. दुष्काळाचा उन्हाळा. तू आपल्या बायडीकडं, लेकीच्या सासरी कोपरगावला निघालीस. पहिल्यांदाच माझ्या फलाटावर! डब्यात गाठोडं ठेवून तू पाणी प्यायला खाली उतरलीस. मी लांबून झारी उंच करून दाखवली. आणि तू काय केलंस? माझ्याभोवतीची गर्दी बघून मागं सरलीस आणि चार हात लांब उकिडवी बसलीस, ओंजळ धरून.

"आई, ऊठ. फुडं ये."

"व्हऊ दे त्येंचं आधी."

"अगं, हितं आधी-मागं न्हाई!"

"आसू दे. मला काय घाई हाय?"

मीही मेला गर्दीत गुंतलो. एवढे हात झाले की तुझ्याकडं येतो, म्हटलं. शिट्टी झाली. लोकांनी तुला डब्यात चढवलं. ओंजळ कोरडीच. तीन महिन्यांनी बायडीकडंच तू डोळे मिटलेस. हजारोंना पाजलं, आणि तुला नाही! मी आधी तुझ्याकडं का आलो नाही? तू तरी का उठली नाहीस गं?

परवा बायडी आली होती. स्टुलाची गोष्ट निघाली तशी म्हणाली, "दादा, आई आमच्या आळीत सांगत हिंडायची, आक्खी गाडी माज्या भिकाच्या हातचं पानी पिती. बाया इचारायच्या, तुमी प्यालात का? तर म्हनायची, व्हय तर! समद्यांच्या आदी त्यानं मलाच दिलं."

आई! एवढं धडधडीत खोटं? तेही अशा थाटात! मी जेवण टाकून उठलो आणि राखेनं झारी घासत बसलो.

तर ऐक. स्टूल नको, असं मी उद्या सांगणार आहे. गुडघ्यांना तेल चोळीन, हळू चालेन. आणि तुला वचन देतो, गाडी लागली की पुढं आलेल्या हातांकडं आधी जाणार नाही. मागं कुणी बसलंय का ते बघेन, आणि पहिली धार तिथं धरीन. तू सांगितलंस ते खरं करायला आता एवढीच वाट उरलीय.

तुला पटतंय का, कळव. मी पाट्या वाचून वाचून अक्षरं शिकलो, तुला तर तेवढीही येत नाहीत. तिथं शिकलेलं कुणी भेटेल, त्याच्याकडून दोन ओळी लिहून घे. पण उत्तर लवकर धाड गं.

तुझा,
भिका
मुक्काम दौंड