आंबील न पडलेली जागा

नांदूरघाट, १० डिसेंबर २०२५
ती. ताराक्कास धाकट्या बजरंगचा शि. सा. न. वि. वि.

आमी समदे खुशाल. फोन करत न्हाई, कावून की आबा कायम दारातच बसलेले. येळवस आली, अवसेला दाजींना घेऊन रानात जेवायला ये. दाजी लई सुटलेत म्हणं, गाडीत दोघांची जागा धर.

एक घोर हाय. निंबाच्या रानात कोणीच धनगर मेंढ्या बसवंना. विचारलं की कळप वळवून नेतात. खतावाचून ज्वारी पिवळी पडली. आबा म्हणतात रानाला नजर लागली, शांत करू. तुला काय वाटतं?

माया पातळ करू नको.
बजरंग

युसूफ वडगाव, १४ डिसेंबर
चि. बजरंगास अ. उ. आ.

आमी येणार न्हाई. दाजींच्या पोटाचं नंतर बघू.

नजर कसली रे बाबा? मेंढरं ज्वारीत शिरली म्हणून आबांनी बंकट धनगराला त्याच निंबाखाली काठीनं मारलं. जीव गेला त्याचा. अन् तू ठाण्यात सांगून आलास, पाला तोडताना झाडावरून पडला, म्या पाह्यलं. मातीत मुरलेलं रगत शांत करून निघतं व्हय? त्याची बायको सुंदरबाई इथं माहेरी हाय. बाजारात दिसली, मी तोंड लपवलं, तर तिनंच हाक मारून तुझ्या-माझ्या आईची खुशाली विचारली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या रानातला घास आता उतरत न्हाई. आधी खरं सांगून ये, मग बोलव.

आईला जप.
तुझी अक्का

२० डिसेंबर
ती. अक्कास शि. सा. न.

काल येळवस झाली. आबा आंबील शिंपत रानाभोवती निघाले, मागं समदी भावकी. निंबापाशी त्यांचा हात थांबला. तेवढी जागा सोडून, वळसा घालून पुढं गेले. कोणीतरी म्हणालं, आबा, हितं राहिलं की. आबा म्हणाले, तिथं काय पिकत न्हाई. मग एकेकाला घरची कामं आठवली. येळवसेची भज्जी-भाकरी तशीच राहिली. आईनं एकटीनं समदं आवरलं.

सकाळी आबांना सांगितलं, मी जबाब बदलायला चाललो, तुमी बी चला. ते म्हणाले, पुन्हा ह्या घरात पाय ठेवू नको. खोट्या साक्षीपायी मला बी धरतील. धरू देत. पण भ्या वाटतं गं. बाप हाय माझा.

हे स्टँडवर बसून लिहितोय. माया पातळ करू नको असं दरवेळी सवयीनं लिहायचो. आज मागतोय. सुटलो तर तुझ्याच दारात येईन, दार लावू नको.
बजरंग